युद्धवेळेचा एक तास

"ती ओळ सोडा, खराडेबाई," गुरुजी म्हणाले.

वर न बघता म्हणाले. पुढ्यात पंचांग उघडं होतं आणि त्यांचं बोट एका पानावर टेकलेलं होतं. पाच मिनिटं झाली तरी ते पान काही उलटलं नव्हतं.

"सोडू कशी? दोनशे बारा जुन्या नोंदी प्रोग्रॅममधून काढल्या. दोनशे अकरा तुमच्या वहीशी जुळल्या. एकच जुळेना."

"दोनशे अकरा जुळल्या ना? मग पेढे आणा."

"गुरुजी, कॉम्प्युटरला असं चालत नाही. एकतर माझं गणित चुकलंय, नाहीतर वहीतलं."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "तुमचं चुकलं नसेल," ते म्हणाले. "पण ती ओळ सोडा."

मला राग आला. मी तेवीस वर्षांची होते, कॉम्प्युटरचा डिप्लोमा नवाकोरा होता आणि तोंड पहिल्यापासूनच फटकळ. माझं बरोबर असेल तर तसं म्हणावं की सरळ! पण गुरुजींनी पंचांगात तोंड घातलं म्हणजे दुकान बंद, हे पाच महिन्यांत मला कळलं होतं. मी पाय आपटत माझ्या टेबलाशी गेले.

ही सत्त्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. साताऱ्यात शनिवार पेठेत मायदेव गुरुजींचं ज्योतिष कार्यालय होतं. गुरुजींचं नाव श्रीपाद, वय एकसष्ट. बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली. मुलगा बडोद्याला असायचा, त्यानं तिथून कॉम्प्युटर पाठवला आणि त्याच्यावर पत्रिका करणारा प्रोग्रॅम लिहायला मला कामावर ठेवलं. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण ग्रहांचं गणित मला भारी आवडायचं. आकडे घातले की शनी बरोबर जागेवर जाऊन बसायचा, त्याची गंमत वाटायची.

कार्यालयात तिसरं माणूस म्हणजे इंदुताई सोवनी. चौपन्न वर्षांच्या, बिनलग्नाच्या, बारीक अंगाच्या. त्या तीस वर्षं तिथं पत्रिका लिहीत होत्या. गुरुजी गणित सांगायचे आणि त्या काळ्या-लाल शाईनं लिहायच्या. अक्षर असं की छापलेलं वाटावं. त्यांची खुर्ची गुरुजींच्या गादीसमोर होती, मध्ये फक्त एक बसकं डेस्क. अकराच्या ठोक्याला दारात चपला काढायच्या आणि पाचला घालायच्या. यात मी एक मिनिटाचा फरक पाहिला नाही.

माझं काम मला इंदुताईंनीच शिकवलं, गुरुजींनी नाही. मी लागले त्या आठवड्यात मुंबईचे एक गृहस्थ आले होते, अठ्ठेचाळीस सालचा जन्म. त्यांनी तारीख सांगितली, वेळ सांगितली. इंदुताईंनी विचारलं, "घड्याळ कुणाचं?"

मला हसू आलं. घड्याळ ते घड्याळ, कुणाचं का असेना.

ते गेल्यावर त्या म्हणाल्या, "हसतेस काय? मुंबईचं स्वतःचं वेगळं घड्याळ होतं, देशापेक्षा एकोणचाळीस मिनिटं मागं. स्वातंत्र्यानंतरसुद्धा काही वर्षं चाललं ते. वेळ अशी नुसती कधी नसते, नंदा. ती कुणाच्या तरी घड्याळातली असते. ते कुणी लावलं होतं हे आधी विचारायचं, मग पुढचं गणित."

आज मी पुण्यात एका कंपनीत आहे, आमची माणसं अकरा देशांत बसतात आणि त्यांच्या तारखा-वेळांचे घोळ निस्तरणं हाच माझा धंदा आहे. कुठल्या देशानं कधी घड्याळ फिरवलं याच्या याद्या मला झोपेतही म्हणता येतात. पण नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी जे सांगते ते इंदुताईंचंच वाक्य असतं. कुणाचं ते सांगत नाही.

तर त्यांनीच मला युद्धवेळ शिकवली. दुसऱ्या महायुद्धात, बेचाळीसच्या सप्टेंबरपासून पंचेचाळीसच्या ऑक्टोबरपर्यंत, सरकारनं सगळ्या देशाचं घड्याळ एक तास पुढं ढकललं होतं. रेल्वे, पोस्ट, इस्पितळ, कचेरी या सगळ्यांनी ते पाळलं. घरोघरच्या लोकांनी कुणी पाळलं, कुणी नाही. त्यामुळं त्या तीन वर्षांतलं कुणी आलं की विचारायचं. सरकारी घड्याळाची नोंद असेल तर एक तास वजा करायचा आणि वहीत नावासमोर लाल शाईनं 'यु' लिहायचं. गुरुजींचे वडील, त्यांना सगळे थोरले गुरुजी म्हणायचे, त्यांनी घालून दिलेली ही पद्धत. एका तासानं काय होतं म्हणाल, तर पुष्कळ होतं. जन्मवेळी पूर्वेला कुठली रास उगवत होती त्यावरून पत्रिकेतली बारा घरं मोजतात, आणि ती रास साधारण दर दोन तासांनी बदलते. तास चुकला की घरं सरकतात. मग मंगळासारखा ग्रह भलत्याच घरात जाऊन बसतो आणि मुलगी मंगळाची ठरते.

मी प्रोग्रॅममध्ये तसंच घातलं होतं. त्या तीन वर्षांतला जन्म आणि जागा रेल्वेची, पोस्टाची किंवा इस्पितळाची असली, तर तास आपोआप वजा. जुळत नव्हती ती ओळ नेमकी यातलीच होती. तपासणीसाठी मी नावं भरलीच नव्हती, फक्त वहीतला क्रमांक, तारीख, वेळ आणि जागा. गुरुजींनी 'सोडा' म्हटल्यावर मी काय सोडते! ते जेवायला आत गेले तशी मी कपाटातून बासष्ट सालची वही काढली.

क्रमांक चारशे सतरा. जन्म वीस फेब्रुवारी एकोणीसशे त्रेचाळीस, माघ पौर्णिमा, दुपारी बारा वाजून पाच मिनिटं, रेल्वे क्वार्टर्स. समोर लाल 'यु' नव्हता. अक्षर थोरल्या गुरुजींचं नव्हतं, तिरकं, घाईचं, आपल्या गुरुजींचं होतं. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अष्टमात मंगळ'. आणि नाव होतं इंदुमती गणेश सोवनी.

मी वही मिटली, परत उघडली. कॉम्प्युटरवर तीच ओळ पुन्हा चालवली. तास वजा केला की बारा पाचचे अकरा पाच होत होते आणि मंगळ आठव्या घरातून उठून नवव्यात जात होता. नवव्या घरातल्या मंगळाला कुणी नावं ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदुताई आणि मी मागच्या पडवीत डबे घेऊन बसलो. त्यांच्या डब्यात भाकरी आणि घेवड्याची भाजी होती. माझ्या पोटात काही राहत नाही, मी घास घ्यायच्या आधीच बोलून टाकलं.

"इंदुताई, तुम्ही मंगळाच्या नाही आहात. तुमची पत्रिका चुकलेली आहे."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "खा आधी."

"अहो, तास वजा केलेलाच नाही! तुमचे वडील रेल्वेत होते ना?"

"स्टेशनमास्तर होते. कोरेगावच्या अलीकडचं स्टेशन. मी झाले तेव्हा प्लॅटफॉर्मवर जाऊन घड्याळ बघून आले होते." मग म्हणाल्या, "त्यांना विचारलंस?"

"हो. ओळ सोडा म्हणाले."

"वर न बघता?"

"वर न बघता."

"हं," त्या म्हणाल्या, आणि भाजी पुढं सरकवली. "मला सदुसष्ट सालापासून माहीत आहे, नंदा."

माझा घास हातातच राहिला.

"मी त्यांना आधीपासून ओळखत होते," त्या म्हणाल्या. "नगरवाचनालयात यायचे. मला पुस्तकं सुचवायचे. एक आवडेल तर शपथ. पण मी सगळी वाचायची, कारण परत करायला गेलं की कसं वाटलं म्हणून विचारायचे. वर्षभर चाललं ते. मग बाबांनीच स्थळ म्हणून विचारलं. ही माणसं पत्रिकेशिवाय पाऊल उचलत नाहीत. थोरल्या गुरुजींना तेव्हा नीट दिसत नव्हतं, गणित ह्यांच्याकडं होतं. इथंच, पुढच्या खोलीत बसले होते सगळे. बाबांनी सांगितलं, बारा पाच. ह्यांनी लिहून घेतलं. घड्याळ कुणाचं ते विचारलं नाही."

"पण का? समोर स्टेशनमास्तर बसलेत..."

"का ते मला माहीत आहे ना. मी आतल्या दाराच्या पडद्यामागं उभी होते आणि ते सारखे पडद्याकडं बघत होते." त्या हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, एकोणीस वर्षांच्या मुलीसारखं. "बाबा दोनदा वेळ बोलले तरी ह्यांचं लक्ष नाही. मला तर इतका आनंद झाला होता."

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. आठव्या घरात मंगळ म्हणजे नवऱ्याच्या जिवावर. थोरल्या गुरुजींनी हात जोडून नकार दिला. गुरुजींचं पुढच्या वर्षी सुशीलाबाईंशी लग्न झालं. इंदुताईंचं नाव मंगळाची म्हणून सगळीकडं झालं, स्थळं आली तशी गेली. सदुसष्ट साली वडील वारले. तेरावा झाल्यावर गुरुजींनी निरोप पाठवला, अक्षर चांगलं आहे, कामाला या.

"दोन महिन्यांनी मला जुन्या वह्यांची नक्कल करायला दिली. माझी ओळ आली. माझ्या नावासमोर पेन्सिलीनं 'यु' काढलेला होता आणि खोडलेला होता. उजेडात वही तिरकी धरलीस तर अजून दिसेल. तेव्हा मला कळलं की चूक झाली, आणि हेही कळलं की त्यांना ती सापडलीय."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? वहिनी होत्या घरात. चांगल्या होत्या गं. मला दर दिवाळीला साडी घ्यायच्या."

"निदान दुसरीकडं तरी सांगायचं, की मी मंगळाची नाही म्हणून. चोवीस वर्षांच्या होतात तुम्ही!"

"दुसरीकडं मला लग्न करायचंच नव्हतं," त्या म्हणाल्या. अगदी साधं म्हणाल्या, ताकात मीठ कमी आहे म्हणावं तसं.

मग बराच वेळ त्यांनी डबा धुतला. धुऊन पुसून झाल्यावर म्हणाल्या, "वहिनींना जाऊन सहा वर्षं झाली. आता कुणाचं काही बिघडत नाही. रोज अकराला येते तेव्हा वाटतं, आज सांगतील. पाचला चपला घालताना वाटतं, उद्या सांगतील. ते पंचांगातनं डोकं वर काढत नाहीत आणि मी समोर बसून त्यांचा भांग बघते. होता तेव्हापासून बघतेय. आता तोही राहिला नाही."

"सांगून काय होणार, इंदुताई?"

"काही नाही. एकदा त्यांच्या तोंडून ऐकायचंय. इतकी आस लागलीय ना मला त्याची, की दुसरं काही मागावंसं वाटत नाही. ऐकलं की मी सुटले. तोवर इथून पाय निघत नाही." मग माझा हात धरला. "मला हे माहीत आहे, ते तू त्यांना सांगायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला आणि पाळला. पण घरी जाऊन मला चैन पडेना. रडू येत होतं आणि त्या दोघांचाही राग येत होता. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्रॅम बदलला. तास आपोआप वजा करणं काढून टाकलं. आता त्या तीन वर्षांतली कुठलीही तारीख घातली की प्रोग्रॅम थांबायचा आणि विचारायचा, घड्याळ कुणाचं. एक दाबलं तर घरचं, दोन दाबलं तर सरकारी. उत्तर दिल्याशिवाय पुढं जायचा नाही.

ते मी इंदुताईंना दाखवलं. त्यांनी पडद्यावरचा प्रश्न वाचला, मग परत वाचला. 

गुढीपाडव्याला कार्यालयात नवं पंचांग पूजायचे आणि वर्षाची पहिली पत्रिका करायचे. पहिली पत्रिका घरातल्याच माणसाची करायची अशी पद्धत होती. आधी कधी थोरल्या गुरुजींची, कधी सुशीलाबाईंची, मुलाची, नातवाची झालेली होती. त्या वर्षी ती कॉम्प्युटरवर करायची ठरलं. मी सकाळीच जाऊन कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. गुरुजी सोवळं नेसून, कडुनिंब-गूळ खाऊन खुर्चीत बसले. कळफलकावर एक बोट धरलं.

"बोला, कुणाची करायची? नातवाचीच करू परत."

"माझी करा," इंदुताई म्हणाल्या.

त्या नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या, पुढ्यात कागद आणि दौत. त्या दिवशी जरीकाठाची साडी नेसल्या होत्या.

गुरुजी म्हणाले, "तुमची?"

"घरातल्या माणसाची करायची ना? तीस वर्षं झाली. मी घरातली नाही का?"

 गुरुजींनी तारीख दाबली. विचारावी लागली नाही. बारा दाबलं, पाच दाबलं, गाव घातलं. प्रोग्रॅम थांबला. त्या वेळी मी रोमन अक्षरांतच मराठी लिहीत असे, ते त्यांना वाचायला जड जायचं. ते ओठ हलवत वाचायला लागले आणि मध्येच ओठ थांबले.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी गुढीचा गडू बघत राहिले. त्यांनी एक दाबलं असतं तर इंदुताई तशाच पाचला चपला घालून गेल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी अकराला आल्या असत्या, मरेपर्यंत.

गुरुजी वळले. पंचांगाकडं नाही, समोरच्या खुर्चीकडं वळले.

"इंदुताई," ते म्हणाले, "घड्याळ कुणाचं?"

"पस्तीस वर्षांनी विचारलंत," त्या म्हणाल्या. "स्टेशनचं."

त्यांनी दोन दाबलं. पडद्यावर पत्रिका आली. इंदुताईंनी टाक शाईत बुडवला आणि कोरा कागद पुढं ओढला, तसे गुरुजी घरं सांगू लागले. पहिलं घर, मेष. त्यांनी लिहिलं. दुसरं, तिसरं, सगळं नेहमीसारखं. नवव्या घराशी आले आणि त्यांनी चष्मा काढून पुसला. परत घालून सांगितलं, "नवव्यात मंगळ. नवव्यात आहे, इंदू. आठव्यात कधीच नव्हता. माझी चूक झाली. मला पुढं पाच वर्षांनी सापडली आणि मी खोडून टाकली. मी भ्यालो."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तुम्ही नक्कल करायला दिलीत तेव्हापासून."

गुरुजींचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "मग बोलली का नाहीस?"

"चूक तुमची आणि बोलायचं मी?"

इंदुताईंनी राहिलेली तीन घरं स्वतःच पडद्यावर बघून लिहिली. कागद गुरुजींपुढं धरला. "सही करा." त्यांनी सही केली. इंदुताईंनी शाई वाळू दिली, कागदाची सुरळी केली आणि पिशवीत ठेवली. गुढीला नमस्कार केला, मला जवळ घेऊन गालावरून हात फिरवला आणि चपला घातल्या. तेव्हा पाच वाजायला पुष्कळ अवकाश होता.

बुधवारी त्या आल्या नाहीत. गुरुवारीही नाहीत. गुरुजी अकराला दाराकडं बघायचे, मग घड्याळाकडं. शुक्रवारी मला म्हणाले, "जाऊन या हो जरा. म्हणावं, खुर्ची तशीच आहे."

माची पेठेतल्या त्यांच्या खोलीत मी गेले तर त्या ट्रंक भरत होत्या. रत्नागिरीला भाची होती, तिच्याकडं निघाल्या होत्या.

"रागावलात?" मी विचारलं.

"नाही गं. इतकं हलकं वाटतंय मला. पण आता तिथं जाऊन बसू कशाला? कशाची वाट बघू?"

"गुरुजींनी निरोप दिलाय, खुर्ची तशीच आहे म्हणून."

त्यांचे हात थांबले. "खुर्ची?" त्या म्हणाल्या. "स्वतः येऊन आणखी काही बोलले असते तर..." त्यांनी हातातल्या साडीची घडी मोडून पुन्हा घातली. "उद्या साडेनऊची एसटी आहे. त्यांना सांग हवं तर."

मी धावत गेले म्हटलं तरी चालेल. "गुरुजी, उद्या साडेनऊला स्टँडवर जा. स्वतः जा. आणि खुर्चीचं बोलू नका."

त्यांचे डोळे भरून आले. "जातो," ते म्हणाले. "नक्की जातो. तुम्ही पुढं व्हा."

शनिवारी मी नऊलाच स्टँडवर होते. इंदुताई ट्रंकेवर बसल्या होत्या, जरीकाठाचीच साडी होती. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण डोळे फाटकाकडं होते. गाडी लागली तरी चढल्या नाहीत. ट्रंक वर टाकली गेली, कंडक्टरनं दोनदा हाका मारल्या, तेव्हा उठल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी एकदा पाहिलं. गाडी साडेनऊला सुटली.

गुरुजी दहा पस्तीसला आले. धुतलेलं धोतर, नवा कोट, कपाळाला गंध. हातात वाचनालयाचा शिक्का असलेलं जुनं पुस्तक होतं. कुठलं ते मी पाहिलं नाही.

"गेली?"

"साडेनऊला सुटते म्हणून सांगितलं होतं की हो मी!"

"साडेनऊला राहुकाळ होता," ते म्हणाले. "शनिवारी नऊ ते साडेदहा. असल्या कामाला राहुकाळात कसं निघायचं? साडेदहाला निघालो. मला वाटलं, एसटी कधी वेळेवर सुटते..."

माझ्या तोंडाशी फार काही आलं होतं. त्यांच्याकडं बघितलं आणि गिळलं.

आम्ही चालत कार्यालयात आलो. गुरुजी गादीवर बसले नाहीत. डेस्कला वळसा घालून इंदुताईंच्या खुर्चीशी गेले, पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग तिच्यात बसले. पुस्तक मांडीवर होतं.

"खराडेबाई, मी त्या दिवशी एक दाबलं असतं तर?"

"तर त्या आज आल्या असत्या. सोमवारीही आल्या असत्या."

त्यांनी मान हलवली. समोर त्यांचीच गादी होती, त्यांचंच पंचांग उघडं पडलेलं. ते तिकडं बघत राहिले.

"इथून सरळ मीच दिसतो," ते म्हणाले. "दुसरं काही दिसतच नाही."

मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

"किती वाजले?"

"अकरा पाच," मी म्हटलं.

"बरोबर," ते म्हणाले, आणि दाराकडं बघायला लागले.